प्रचंड पूर्णांकांचे गणित

श्रीनिवास रामानुजन् (१८८७–१९२०) यांचे बालपण व शालेय शिक्षण कावेरीकाठच्या कुंभकोणम् या गावी झाले. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणिते करीत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवून ठेवीत. पाटी भरली की पुसावी लागे. संगणकातील संख्येच्या कप्प्यालाही अशीच मर्यादा असते. ती ओलांडावी कशी, हे रामानुजन् यांच्याच एका आवडत्या विषयावरून समजून घेता येते.

एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते, त्या प्रकारांच्या गणतीस तिची विभाजनसंख्या म्हणतात. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशी पाच प्रकारे मांडता येते. म्हणून ४ ची विभाजनसंख्या ५ होय. ही संख्या फार झपाट्याने वाढते. १०० ची विभाजनसंख्या १९,०५,६९,२९२ आहे, तर २०० ची ३९,७२,९९,९०,२९,३८८. ही दुसरी संख्या मॅकमोहन यांनी हाताने काढली होती. १९१८ साली हार्डी व रामानुजन् यांनी आपले सूत्र तिच्याशी ताडून पाहिले, तेव्हा पहिल्या आठ पदांच्या बेरजेत केवळ ०.००४ इतकाच फरक आढळला.

संगणकात पूर्णांकासाठी बहुधा ३२ किंवा ६४ द्विमान अंकांचा ठराविक कप्पा असतो. ३२ अंकांच्या कप्प्यात, ऋण संख्यांसाठीही जागा ठेवल्यास, २,१४,७४,८३,६४७ ही सर्वांत मोठी संख्या मावते. जावा या भाषेत तीत १ मिळविला, तर कोणतीही सूचना न मिळता −२,१४,७४,८३,६४८ असे उत्तर येते. दशांश अपूर्णांकांच्या कप्प्यात याहून पुष्कळ मोठी संख्या ठेवता येते. परंतु तीतील डावीकडचे सुमारे पंधरा-सोळा अंकच विश्वसनीय असतात, पुढचे नाहीसे होतात.

हे शेवटचे अंक गमावून चालत नाही. २४न − १ या संख्येस ५, ७ किंवा ११ यांच्या एखाद्या घाताने भाग जात असेल, तर न च्या विभाजनसंख्येसही त्याच घाताने भाग जावा, असा रामानुजन् यांचा तर्क होता. हंसराज गुप्त यांनी ३०० पर्यंतच्या विभाजनसंख्यांचे कोष्टक तयार केले. त्याच्या आधारे १९३४ साली सर्वदमन चावला यांना २४३ ही संख्या अपवाद असल्याचे आढळले. २४ × २४३ − १ = ५८३१ = १७ × ३४३, आणि ३४३ हा ७ चा घन आहे. २४३ ची विभाजनसंख्या १३,३९,७८,२५,९३,४४,८८८. तिला ४९ ने भाग जातो, पण ३४३ ने जात नाही. कोष्टकातील एकच अंक चुकता, तर हा निर्णय विश्वसनीय ठरला नसता. पुढे १९३८ साली वॉटसन यांनी ७ च्या घातांविषयीचा हा तर्क दुरुस्त स्वरूपात सिद्ध केला.

मग प्रचंड संख्या अचूक कशी ठेवावी? तिचे तुकडे करून. १००० ची विभाजनसंख्या बत्तीस अंकी आहे. चार-चार अंकांचे गट पाडले, की ती अशी दिसते:

२४०६ १४६७ ८६४० ३२६२ २४७३ ६९२१ ४९७२ ७९९१

प्रत्येक गट वेगळ्या कप्प्यात ठेवावा आणि शाळेतील रीतीने उजवीकडून बेरीज करावी. ४९७२ ७९९१ मध्ये १०५० २५०० मिळवायचे असल्यास ७९९१ + २५०० = १०४९१; ०४९१ लिहून हातचा १ पुढे न्यावा. ४९७२ + १०५० + १ = ६०२३. उत्तर ६०२३ ०४९१. गटातील आरंभीचे शून्य मात्र गाळू नये.

गुणाकारात एका संख्येच्या प्रत्येक गटाने दुसरीच्या प्रत्येक गटास गुणावे लागते. आठ-आठ गट असल्यास चौसष्ट गुणाकार होतात. गट दुप्पट झाले की श्रम चौपट होतात. १९६० साली रशियन गणिती कारात्सुबा यांनी दाखविले, की संख्यांचे दोन-दोन भाग केल्यावर चारऐवजी तीनच गुणाकार पुरतात. लांबलचक संख्यांत ही बचत फार मोठी ठरते.

पायथॉन या भाषेत ही सर्व व्यवस्था अंगभूत आहे. तेथे पूर्णांकास केवळ यंत्राच्या स्मृतीचीच मर्यादा पडते. जावासारख्या भाषेत मोठ्या पूर्णांकांचा निराळा प्रकार मुद्दाम निवडावा लागतो. म्हणून आज्ञावली लिहिण्यापूर्वी उत्तर किती अंकी येईल याचा अंदाज घ्यावा आणि त्यास साजेसा प्रकार योजावा.