आधी जुळणी, मग वेग

दूरच्या ठिकाणाहून मेनफ्रेमकडे कामे धाडणारे रिमोट जॉब एन्ट्री केंद्र बसवताना पहिली चौकशी मोडेमच्या वेगाची होई. माझ्या मते ती दुसरी असायला हवी होती. दोन्ही टोकांच्या नोंदी जुळतात का, हे आधी पाहायला हवे होते. आयबीएमचे २७८० आणि त्यानंतरचे ३७८० ही टर्मिनले बायसिंक या एकाच संदेशवहन पद्धतीने बोलत, तरी ३७८० सलग रिकाम्या जागा एक खूण आणि एक संख्या एवढ्यात दाबून पाठवी. २७८० ला ही युक्ती अवगत नव्हती. मेनफ्रेमवर ‘३७८०’ नोंदवले आणि पलीकडे २७८० असले, तर लाइन निर्दोष असूनही छापील अहवालाचे रकाने विस्कटणारच. मेनफ्रेमवर कामे स्वीकारणाऱ्या जेईएस२ या प्रणालीला केंद्राची ओळख देणारे साइनऑन कार्डही असेच काटेकोर: रिमोटचा, म्हणजे दूरच्या केंद्राचा, क्रमांक सोळाव्या स्तंभापासून, लाइनचा पासवर्ड पंचविसाव्यापासून. एक स्तंभ सरकला की ओळख पटत नसे.

यंत्रांनी हे आपसांत का ठरवू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण बायसिंकमध्ये एका वेळी एकच बाजू बोले, आणि त्या पद्धतीच्या मोजक्या नियंत्रण-खुणांत अशा वाटाघाटीची सोय नव्हती. आयबीएमच्या १९७४च्या एसएनए या जाळे-रचनेत सत्राच्या आरंभी अटी कळवण्याची रीत आली. तरी रिमोटची व्याख्या मेनफ्रेमवर आधी लिहावीच लागे. शिवाय या ताठरपणाचा मोठा लाभ झाला: नियम ठाम असल्यामुळेच इतर कंपन्यांचे मिनिसंगणक २७८० आणि ३७८० ची हुबेहूब नक्कल करू शकले. तेव्हा टेलिफोन लाइनला दोष देण्याआधी दोन्हीकडच्या व्याख्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायला हव्या होत्या.