पिल्लू अंड्यात अडकलं? घाई करू नका!

सिन्नर : खुडूक कोंबडी बसवली की २१ दिवसांनी पिल्लं निघतात. पण एखादं पिल्लू कवचाला भोक पाडून तिथंच अडकतं. आतून चिवचिव ऐकू येते, घरच्या माणसांचा जीव कळवळतो आणि नखानं कवच सोललं जातं. इथंच घात होतो.

भोक पाडल्यावर पिल्लू १२ ते २४ तास बाहेर पडत नाही. या वेळात ते पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. आधीच सोललं तर रक्त जाऊन पिल्लू दगावतं.

२४ तास उलटूनही हालचाल पुढं सरकत नसेल, तरच हात लावावा. सिन्नर तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात कोरड्या हवेनं पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तो ओला करावा. भोकाच्या कडेनं कवचाचे बारीक टवके काढावेत. रक्ताचा थेंब दिसला की थांबावं, काही तासांनी पुन्हा पाहावं. शेवटचा जोर पिल्लालाच लावू द्यावा.

बाहेर आल्यावर बेंबीला आयोडीन लावावं. खोक्यात गोणपाट अंथरावं. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. बल्बची ऊब पहिला आठवडा सुमारे ३५ अंश ठेवावी. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तगतं, तरी उथळ ताटलीत खडे टाकून गूळपाणी ठेवावं. मग बारीक भरडा द्यावा. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस चुकवू नये.

पुढच्या खेपेला डालग्याखाली ओली वाळू पसरा. पापुद्रा वाळणार नाही, अन् सोलायची वेळही सहसा येणार नाही.