मक्याचे नाजूक दिवस

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळात जेमतेम पाचशे. या दोन टोकांच्या मधे दाण्यासाठी आणि वैरणीसाठी मका पेरला जातो. १९६३ साली स्थापन झालेल्या 'गोकुळ' सहकारी संघाला दूध घालणाऱ्या या जिल्ह्यात गोठ्याला हिरवा मका आणि मुरघास लागतोच.

मक्याला ओल हवी, पण साचलेले पाणी सोसत नाही. दोन-तीन दिवस पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांची मजल गाठली. नदीकाठची पिके कित्येक दिवस पाण्याखाली होती.

मग २०२३चा ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट!

जूनअखेर पेरलेला मका याच महिन्यात तुऱ्यावर येतो. कणसाच्या प्रत्येक केसावर पराग पडला, तरच त्या जागी दाणा धरतो. पाण्याचा ताण बसला की केस उशिरा बाहेर येतात आणि तोवर पराग झडून गेलेला असतो. मग कणीस अर्धेमुर्धेच भरते.

दुसरीकडे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापत्या अरबी समुद्राचा त्यात मोठा वाटा आहे.

त्यात अमेरिकी लष्करी अळीची भर. २०१८ मध्ये ती भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि लवकरच महाराष्ट्रात पोहोचली. तिला हवामानबदलाने आणले नाही, पण उबदार हवा तिला मानवते: महिन्याभरात तिची एक पिढी पुरी होते. जोराच्या सरी लहान अळ्यांना धुऊन काढतात. उघडीप लांबली की त्या पोंग्यात शिरून पीक कुरतडतात.

उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहेत. वाफसा येताच शिवारात एकाच वेळी पेरणी, निचऱ्यासाठी सरी-वरंबा, लवकर येणारे वाण, एकरी पाच कामगंध सापळे. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रेही आता उभी आहेत. तिथली नोंद तुरा येण्याआधी सल्ल्याच्या रूपात शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचायला हवी, आणि शिरोळचा सल्ला गगनबावड्याहून वेगळा असायला हवा.