गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’मध्ये हार कुठून आली?

भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीचं गाव भिवापूर. तिथल्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या खुडायच्या जागी, देठं खुडता खुडता एखादी बाई शेजारणीला म्हणते, ‘एवढा ढीग खुडून टाक, मंग जेवून घे.’ इथे काही टाकायचं नाही, काही घ्यायचंही नाही. ‘टाक’ म्हणजे काम संपव, ‘घे’ म्हणजे स्वतःसाठी उरकून घे. हीच किमया इंग्रजीत अप, ऑफ, आऊट, ऑन ही इवलीशी अव्ययं करतात. ईट म्हणजे खाणं, ईट अप म्हणजे खाऊन टाकणं. ड्रिंक अप, यूज अप यांतल्या ‘अप’चा वर जाण्याशी काडीचा संबंध नाही, तो आपला ‘टाक’च आहे!

‘काय करून रायला बे?’ या अस्सल नागपुरी प्रश्नातलं ‘राहणं’सुद्धा मुक्कामाचं नाही, चालू असलेल्या कामाचं आहे. कीप ऑन, कॅरी ऑन, गो ऑन यांतला ‘ऑन’ त्याच्याच जातकुळीतला.

अशा जोड्यांनी परकीयांची दमछाक होते, हे सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र रूढ झालं ते लोगन पीअरसॉल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकापासून. त्याला ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

एकटा ‘टेक ऑफ’ घ्या: विमान उडतं, चपला काढल्या जातात, कुणाची नक्कल होते आणि मध्ये ‘अ डे’ घातलं की रजाही मिळते. अर्ज ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आऊट’, भरला जातो तोच. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाऊन’ दोन्हींत गाडी मंदावते. दिवा ‘गोज ऑफ’ झाला तर विझतो, गजर ‘गोज ऑफ’ झाला तर वाजतो!

आता असं अव्यय क्रियापदाचं की नामाचं, हे ओळखायची एक हुकमी कसोटी. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण दिव्याच्या जागी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. उलट ‘लुक ॲट इट’मधला ‘ॲट’ जागचा हलत नाही. कारण ‘ऑफ’चं नातं क्रियापदाशी, ‘ॲट’चं पुढच्या नामाशी. मराठीत ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ नामाला चिकटतात (टेबलावर, आईसाठी), म्हणून ‘ॲट’ आपल्याला लवकर उमगतो आणि ‘ऑफ’ छळतो.

तरी बोलताना आपण या ‘ऑफ’ला केव्हाच घरचा करून टाकलाय. मूळ क्रियापद सोडून नुसतं शेपूट ठेवलं: पंखा ऑफ कर, मूड ऑफ आहे. ‘पास आऊट’ तेवढं जपून वापरावं. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आऊट परेड होते, तिथे ते चपखल बसतं. पण ‘मी २०१९ला पास आऊट झालो’ म्हटलं, तर लंडनचा माणूस विचारेल, शुद्धीवर कधी आलात?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि या जोड्यांच्या लांबलचक याद्या मुलं अजून घोकतात. गुरुजी, बाई, एक विनंती: यादी देण्याआधी फळ्यावर ‘खाऊन टाक’ लिहा आणि त्याच्या शेजारी ‘ईट अप’.