337 टन गेले, 11 लाख टन राहिले

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन विषारी कचरा 1 जानेवारी 2025च्या रात्री 12 कंटेनरांतून मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरच्या भट्टीकडे निघाला. अंतर सुमारे 250 किलोमीटर. जूनअखेर तो जाळून संपला. त्याच आवारात राहिलेल्या दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन आहे. म्हणजे जे हलवले, ते राहिलेल्या मातीच्या 0.03 टक्के भरते.

11 लाखांचा अंदाज नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या संस्थांच्या 2009-10च्या पाहणीतला. मातीखेरीज सुमारे एक टन पारा आणि पुरून ठेवलेला जवळपास 150 टन कचरा, अशीही नोंद आहे. आवार 67 एकरांचे, म्हणजे 2.71 लाख चौरस मीटर. घनमीटरभर मातीचे वजन 1.6 टन धरले, तर 11 लाख टन म्हणजे सगळ्या आवारावर सरासरी अडीच मीटरचा थर. हे गणित ढोबळ आहे, कारण दूषण सगळीकडे सारखे नसते. पण काम फावड्याचे की खाणीचे, हे त्यावरून कळते.

ही माती वायुगळतीने दूषित झालेली नाही. 2-3 डिसेंबर 1984च्या रात्री कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत गेला. मातीत मुरले ते 1969पासून कीटकनाशके बनवताना उरलेले गाळ, द्रावणे आणि पारा. आधी ते आवारात टाकले जात. 1977पासून बाहेरच्या बाष्पीभवन तलावांतही सोडले गेले. गळती झालीच नसती, तरी ही माती साफ करावी लागली असती.

आता 337 टनांची फोड. खणून काढलेली माती 162 टन, सेविन हे कीटकनाशक आणि नॅफ्थॉल यांचे अवशेष 92 टन, अर्धवट तयार कीटकनाशके 54 टन, रिॲक्टरमधला गाळ 29 टन. जाळलेल्या मालात 48 टक्के मातीच होती. पिथमपूरच्या भट्टीत तीन चाचण्या झाल्या, प्रत्येकी 10 टनांच्या. ताशी वेग अनुक्रमे 135, 180 आणि 270 किलो. उरलेले 307 टन मे-जूनमध्ये संपले. कचऱ्याला चिकटलेली आणखी 19 टन माती आणि दोन टनांहून थोडी अधिक वेष्टने धरून एकूण वजन 358 टनांवर गेले.

जळून उरलेली राख आणि अवशेष मात्र 850 टनांहून अधिक आहेत, कचऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त. यात चूक नाही. आम्ल वायू शोषून घ्यायला चुना आणि इतर द्रव्ये घालावी लागतात आणि त्यांचे वजन अवशेषांत मिळते. जड धातू तर जळतच नाहीत. भट्टी सेंद्रिय विष मोडते. जे उरते ते बंदिस्त खड्ड्यात सांभाळावे लागते, आणि तो खड्डा कुठे असावा यावर वाद पुन्हा न्यायालयात गेला.

जागेचा वाद नवा नाही. गुजरातने 2007मध्ये अंकलेश्वरच्या भट्टीसाठी नकार दिला. 2011मध्ये नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीचे नाव पुढे आले, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. 2012मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेने सुमारे 25 कोटी रुपयांत 346 टन कचरा विमानाने नेऊन जाळण्याची तयारी दाखवली. तो बेतही फिसकटला. शेवटी जे काम झाले त्याचा खर्च 126 कोटी. टनामागे 2012चा भाव सव्वासात लाख, 2025चा 37.4 लाख. वाढ पाचपट. याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक जेमतेम दुप्पट झाला, तेव्हा सगळा दोष महागाईला देता येत नाही.

हाच भाव आणि वेग मातीला लावून पाहावा. ताशी 270 किलोने 11 लाख टन जाळायला 465 वर्षे लागतील. टनाला 37.4 लाखांनी खर्च 4.11 लाख कोटी होतो. मध्य प्रदेशचा 2025-26चा संपूर्ण अर्थसंकल्प 4.21 लाख कोटींचा आहे. अर्थात इतकी माती कोणी जाळत नाही. जागेवर झाकणे, धुणे, तापवून विष वेगळे करणे किंवा बंदिस्त भराव घालणे, हे मार्ग कितीतरी स्वस्त असतात. प्रश्न असा की सरकारने त्यासाठी किती मागितले.

2005मध्ये केंद्राच्या रसायन मंत्रालयाने उच्च न्यायालयात, 2001मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलकडे 100 कोटींची आगाऊ रक्कम मागितली. टनाला 909 रुपये. भरपाई वाढवून मागणाऱ्या केंद्राच्या 2010च्या क्युरेटिव्ह याचिकेत एकूण मागणी 7,844 कोटींची होती आणि त्यात पर्यावरणाच्या साफसफाईचा वाटा 315.7 कोटी, म्हणजे 4 टक्के. टनाला 2,870 रुपये. डाऊने जबाबदारी कायम नाकारली आहे. 14 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. जमीन 1998पासून राज्य सरकारच्या ताब्यात आहे.

दरम्यान पाऊस थांबत नाही आणि त्याबरोबर मातीतले विष भूजलात झिरपते. कारखान्याभोवती भूजल दूषित असलेल्या वस्त्या आधी 22 मोजल्या जात. लखनौच्या आयआयटीआर या विषविज्ञान संस्थेने 2018मध्ये 42 मोजल्या. मातीचा आकडा मात्र 2010 सालचाच आहे.

जुलै 2025मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. तोवर देशात अशा 103 जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि काम सुरू झालेल्या 7 होत्या, म्हणजे 6.8 टक्के. संशयित जागेच्या प्राथमिक तपासणीला नव्या नियमांत 90 दिवसांची मुदत आहे. प्रत्यक्ष साफसफाई कधी पुरी व्हावी, याला मुदत नाही.