घरांतील एक वाद व हवामानशास्त्र

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू बारावीच्या परीक्षेंत उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला. त्यानें अभियांत्रिकीकडे जावें असा त्याच्या वडिलांचा मनोदय, परंतु रात्रीं पानें वाढलीं असतां त्यानें सर्वांदेखत सांगितलें कीं, "आजोबा, मला हवामानशास्त्र शिकावयाचें आहे." त्याच्या काकूंनीं विचारलें, "म्हणजे पाऊस पडेल कीं नाहीं, हेंच ना? तें तर पंचांगांतहि असतें!" मंडळी हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

कारण आम्ही जालन्याचे. सह्याद्रीनें पाऊस अडविल्यावर जें उरतें, त्यावर आमचा हा मुलूख जगतो. वर्षाकांठीं सहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस, आणि तोहि केव्हां येईल याचा नेम नाहीं. 1972 च्या दुष्काळांत आम्ही बारा वर्षांचे होतों. सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांत आमच्या वर्गमित्रांचे आईबाप होते. त्यांना मिळालेली सुकडी आम्हीहि चाखली आहे. 2012-13 सालीं या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं झाडें सरपणाला गेलेलीं ज्यानें पाहिलीं, त्याला आभाळाचा अभ्यास हा थट्टेचा विषय कसा वाटावा? त्यापाठोपाठ 2014 च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यावर गारा कोसळल्या आणि काढणीला आलेला गहू-हरभरा जमिनीवर झोपला.

आमच्या पूर्वजांनाहि हा विषय परका नव्हता. (येथें आमचा जिव्हाळ्याचा भाग येतो, तेव्हां थोडा विस्तार झाल्यास वाचकांनीं सांभाळून घ्यावें.) कौटिल्यानें कोठारापुढें एक अरत्नि रुंदीचें कुंड ठेवून पाऊस मोजण्यास सांगितलें आहे, आणि देशपरत्वें पावसाचें मानहि दिलें आहे. अवंतीला तेवीस द्रोण, तर अश्मकाला त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक. अश्मक म्हणजे गोदावरीकांठचा, आमच्याच बाजूचा प्रदेश. तेव्हां आमची तूट ही आजकालची नव्हे! वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांना गर्भ राहिल्यापासून 195 दिवसांनीं पर्जन्य होतो असें म्हटलें आहे. हें सारें आम्ही आवडीनें वाचलें. परंतु या भाकितांपैकीं किती खरीं ठरलीं आणि किती फसलीं, याची नोंद कोणीं ठेवलेली आमच्या वाचनांत नाहीं. काकूंना आम्हीं उत्तर दिलें तें हेंच : पंचांग चुकलें तर पुढच्या वर्षीं नवें पंचांग निघतें, हे लोक आपली चूक वहींत लिहून ठेवतात आणि तिच्यापासून शिकतात.

हिंदुस्थानांत हवामान खातें 1875 सालीं निघालें. ब्लॅनफोर्ड यांनीं हिमालयांतील बर्फावरून मान्सूनचें अनुमान 1886 त प्रसिद्ध केलें. 1904 त खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. त्यांनीं जगभरच्या नोंदी जुळवून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका हुडकून काढला. आज एल् निनोचें नांव आमच्या शेतकऱ्यांच्याहि तोंडीं आहे, त्या ज्ञानाचा हा एक पाया. 1928 सालीं खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरची ती इमारत 'सिमला ऑफिस' या नांवानें पुणेकरांस ठाऊक आहेच. मुख्य कार्यालय पुढें दिल्लीस गेलें, नांव राहिलें.

आतां पदवीचा प्रश्न. इंग्लंडांत रेडिंग येथें, किंवा अमेरिकेंत पेन स्टेट विद्यापीठांत या एकाच विषयाची पदवी घेतां येते. आपल्याकडे ती विरळाच. येथें प्रथम भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्‌सी. व्हावें, आणि मग पुणें, कोची किंवा विशाखापट्टणम् येथील विद्यापीठांत पदव्युत्तर वर्गांत हा विषय घ्यावा, ही रूढ वाट. मुलाला ती लांबची वाटली. आम्हांस ती योग्य वाटते. हवा म्हणजे फिरत्या पृथ्वीवरून वाहणारा, तापणारा, निवणारा, बाष्प घेऊन चालणारा वायु. त्याची गति समजावयाची तर उष्णतेचे नियम व कलनगणित यांवांचून गति नाहीं. रिचर्डसन नांवाच्या इंग्रज गणित्यानें 1922 च्या ग्रंथांत सबंध पृथ्वीचें हवामान वेळेवर गणण्यास 64,000 माणसें लागतील असा अंदाज केला होता. आज तें काम संगणक करतो. समीकरणें मांडण्यास मात्र माणूसच लागतो. शिवाय पुढें मन फिरलें, तरी भौतिकशास्त्राचा पदवीधर अडून राहत नाहीं. हें ऐकून मुलाच्या वडिलांचा चेहरा थोडा सैल झाला. जागा थोड्या आणि स्पर्धा फार, हेंहि आम्हीं त्यांच्यापासून लपविलें नाहीं.

मुलींच्या पालकांसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. ॲना मणि या 1939 सालीं मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतून पदवीधर झाल्या. भौतिकशास्त्र शिकावें म्हणून 1945 त लंडनला गेल्या. तेथें वांट्याला आला हवामानाच्या उपकरणांचा विषय. 1948 त परत येऊन त्या पुण्यास हवामान खात्यांत रुजू झाल्या, आणि परदेशांतून आणावीं लागणारीं उपकरणें येथेंच तयार करविण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. त्यांचा पीएच्.डी.चा प्रबंध, एम्.एस्‌सी. नाहीं म्हणून, विद्यापीठानें स्वीकारला नव्हता! तरी 1976 त त्या खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

आमच्या मुलानें शेवटीं भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्‌सी.ला नांव घातलें. जाण्यापूर्वीं त्यानें अंगणांत, भिंतीपासून दूर, पर्जन्यमापक बसविला, आणि एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हें घरांतील सर्वांकडून पाठ करून घेतलें. मोजणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां. तो वसतिगृहांत गेल्यापासून तें काम काकूंकडे आलें आहे. परवां त्यांचा आंकडा 2.1 आला. आम्हीं म्हटलें, "चला, पाऊस झाला एकदांचा." त्या वही मिटीत म्हणाल्या, "काका, अडीच मिलिमीटरांच्या आंत पावसाचा दिवस धरीत नाहींत."