ऊसतोडीला दोघं जातात, वहीत नाव एकाचंच

दसरा-दिवाळी उरकली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतली कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. ट्रक-ट्रॅक्टर दारात येतात. पिठाचा डबा, भांडी, गोधड्या, शेळी आणि लहान लेकरं चढवली की टोळी निघते सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटकात. मागं म्हातारी माणसं राहतात. घरात थोरली पोरगी असली तर तीही राहते, धाकट्यांना सांभाळायला.

'कोयता' म्हणजे काय हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्यातली गोम कुणाच्या लक्षातच येत नाही. दोघांचं काम एका नगात मोजलं की मजुरीही एकच होते, आणि ती एक मजुरी नवऱ्याच्या नावावर लागते. उचल त्याच्या हातात पडते, अंगठा नाहीतर सही त्याची होते, मुकादमाशी बोलणीही तोच करतो. बाईच्या वाट्याचे किती, हा आकडा ना कारखान्याच्या कागदावर सापडतो, ना मुकादमाच्या वहीत.

आकडे मांडून बघू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. समजा एका जोडप्यानं 1 लाख रुपये उचल घेतली आणि दिवसाला 2 टन ऊस तोडला. उचल फिटायला जवळपास 273 टन तोडावे लागतात, म्हणजे 136-137 दिवस, तेही एक दिवस खाडा न करता. हंगाम 100 दिवसांतच आटोपला तर काम झालं 73,200 रुपयांचं आणि अंगावर बाकी राहिली 26,800. पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जाणं आलं. या 73,200 मधले निम्मे, म्हणजे 36,600 रुपये, बाईनं कमावलेले असतात. पण ते तिला दिसत नाहीत, कारण उचल हंगामाच्या आधीच आलेली असते. पोरीचं लग्न, दवाखाना, बोअर, जुनं देणं यातच ती गेलेली असते.

बाईच्या हातात रोज दिसणारा पैसा बहुतेक ठिकाणी वाढ्याचा. तोडलेल्या उसाचं वाढं पेंढ्या बांधून जनावरांसाठी विकायचं आणि त्यातून मीठ-मिरची, तेल, लेकराचं औषध भागवायचं. फडातला सगळा बाजारहाट या पैशावर चालतो, पण त्याला कमाई म्हणायची रीत नाही.

आता काम बघा. पहाटे तीन-चारला उठून कोपीसमोर चूल पेटवायची ती बाईनं. पाणी तिनं आणायचं, भाकरी तिनं थापायच्या, लेकरं तिनं उठवायची. उजाडायच्या आत दोघं फडात. गडी बुडातून ऊस तोडतो, बाई साळते, मोळ्या बांधते आणि गाडी आली की 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला. परत आल्यावर गडी अंग टाकतो, बाईची दुसरी पाळी चुलीपुढं सुरू होते. गड्यालाही काम काही कमी नसतं, पण त्याला एकाच पाळीचं असतं.

फडात संडास नाही, आडोसा नाही, अंघोळ अंधार असेपर्यंतच. म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात आणि लघवी दाबून धरतात. पाळीच्या दिवसांत घामानं भिजलेलं कापड बदलायला जागा नसते. लघवीला जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं ही तक्रार यातूनच सुरू होते. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड 500 रुपयांपासून पुढं. गंमत अशी की खाडा बाईचा पडला तरी दंड सगळ्या कोयत्याला बसतो, कारण जोडीतला एक नसला की दुसऱ्याचंही काम अडतं. म्हणजे मजुरीत बाई दिसत नाही, दंडात मात्र लगेच दिसते.

गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण इथपर्यंत असं येतं. 2019 मध्ये यावर राज्यभर ओरड झाली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण दर 6 जणींमागं एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. 'काढून टाकली की कटकट गेली' असं सांगणारे डॉक्टर होते, आणि दर महिन्याचा खाडा वाचेल या हिशेबानं हो म्हणणारी घरंही होती. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

इथं एक गोष्ट सगळ्या बायांना माहीत हवी. अंगावरून पांढरं जाणं किंवा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा गोळ्या-औषधांनी बरा होतो, त्यासाठी पिशवी काढायची गरज नसते. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचं वय एकदम अंगावर येतं. गरम वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून कागदावर अंगठा द्यायच्या आधी डॉक्टरला विचारा: फक्त पिशवी काढणार का बीजकोशही? औषधानं भागणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

कोयत्याचा दुसरा फटका पोरींना बसतो. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची भीती आणि फडावर न्यायचीही भीती. त्यात अर्ध्या कोयत्याला उचल कमी आणि पूर्ण कोयत्याला जास्त. मग हंगामाच्या तोंडावर लग्न उरकलं की दोन घरांचे प्रश्न एकदम सुटल्यासारखे वाटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 40 टक्क्यांहून जास्त बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नुसते पोस्टर लावून हे थांबत नाही. हंगामी वसतिगृहात पोरीला सुरक्षित जागा मिळाली तर थांबायची शक्यता तरी असते.

कायदा काय म्हणतो? 1979 चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी केलेला. बीडहून कोल्हापूरला गेलेली बाई त्यात बसतच नव्हती. कामाच्या ठिकाणी कुणी अंगचटीला आलं, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे असंघटित महिलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची, आणि ती जिथं काम चालू आहे त्या जिल्ह्यात. बीडला परत आल्यावर करू म्हटलं तर तोवर मुदत टळलेली असू शकते.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलंय. त्याच्या योजनांसाठी ग्रामसेवकाकडून नोंद आणि ओळखपत्र लागतं. ते नवऱ्याचं एकट्याचं काढून भागत नाही. बाईचं वेगळं काढा, तिच्या स्वतःच्या नावानं आणि आधारनं. गाडीत बसण्याआधी रेशन कार्डाला सगळ्यांचं आधार जोडलंय का बघा, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या दुकानातही धान्य मिळतं. गरोदर बाईनं माता-बाल कार्ड आणि लेकराच्या लसीचं कार्ड बरोबर ठेवावं. फडाजवळच्या अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ते चालतं.

आणि उचल घेताना वहीत दोघांची नावं लिहून घ्या. मुकादम आढेवेढे घेईल, म्हणेल अशी पद्धत नाही. पण गडी मधेच वारला किंवा पाय मोडून बसला, की राहिलेली बाकी मागायला मुकादम बाईच्याच दारात येतो. तेव्हा वहीत तिचं नाव नाही, हे त्याला आठवत नाही.